पाचवी सीमा

दामूभाऊ अर्जनवीसाला कोणी आपलं नाव सांगू लागलं की तो हात वर करून थांबवायचा. म्हणायचा, "नाव राहू द्या. चतुःसीमा सांगा."

नवख्या माणसाची पंचाईत व्हायची. मग दामूभाऊ स्वतःच सुरुवात करून द्यायचा. "हे पाहा, मी दामू. पूर्वेस झेरॉक्सवाला, पश्चिमेस चहाची टपरी, उत्तरेस रजिस्ट्री ऑफिस, दक्षिणेस नाली. आता मले कोणी हरवू शकत नाही. तुमचं सांगा."

बुलढाण्यात रजिस्ट्री ऑफिससमोर कडुलिंबाखाली त्याचं टेबल होतं. अर्जनवीस म्हणजे लोकांची खरेदीखतं लिहून देणारा माणूस. खरेदीखतात घराच्या चार बाजूंना काय आहे ते लिहावं लागतं. त्याला म्हणायचं चतुःसीमा. आयुष्यभर तेच लिहून दामूभाऊला जग तसंच दिसू लागलं होतं. एकदा एका बारशाला तो माझ्या शेजारी जेवायला बसला. वाढपी आला तसं ताटाकडे बोट दाखवून म्हणाला, "पूर्वेस ठेचा, पश्चिमेस वांगं, उत्तरेस मीठ. दक्षिणेस जागा खुली आहे, टाका काहीतरी." मुलीसाठी सुरतेचं स्थळ आलं तेव्हाही त्याने मुलाच्या पगाराच्या आधी घराच्या चार बाजू विचारल्या होत्या म्हणे.

दामूभाऊ जिवंत आहे, हिंडता-फिरता आहे. तरी मी 'होता' लिहितोय. रजिस्ट्रीच्या आवारात तो 'होता' झाला त्याचं कारण मी आहे. अडीच वर्षं हे माझ्या पोटात आहे. लिहायला बसतो, उठतो, पाणी पितो, गच्चीवर जाऊन येतो, पुन्हा बसतो. चौऱ्याहत्तरी झाली. आता आणखी उठबस परवडणार नाही, म्हणून आज सगळं लिहूनच उठायचं ठरवलंय.

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. देऊळघाटला, धाडला नोकरी केली. निवृत्त झालो तरी लोक मला मास्तरच म्हणतात, आणि दामूभाऊ तर त्या शब्दात असा काही मान घालून म्हणायचा की मला आपोआप ताठ बसावं लागायचं.

तो स्वतः मात्र कधी बसायचा नाही. खुर्ची होती, पण तिच्यावर पिशवी बसलेली असायची. लिहिणं उभ्याने, बोलणं चालत. लोकांना तो टेबलाभोवती फिरत कर समजावून सांगायचा आणि लोक माना फिरवत ऐकायचे. त्याची दुसरी खोड चपलेची. कुठल्याही घराचं खरेदीखत लिहिण्याआधी तो ते घर स्वतः मोजून यायचा, आणि मोजायचा तो चपलेने. टाचेला अंगठा, अंगठ्याला टाच, असं भिंतीच्या कडेने घराभोवती चालायचा. चप्पल बरोबर दहा इंच. नवी जोडी घेतली की दुकानातच टेप लावून पाहायचा. पाव इंच इकडेतिकडे असली तर परत. दुकानदार म्हणायचा, "दामूभाऊ, पायाले बसते का ते तं पाहा." हा म्हणायचा, "पायाचं काय, पाय जमवून घेते."

चार सीमा लिहून झाल्या की तो पेन वर करायचा आणि पाचवी विचारायचा. कायद्यात नाही, नमुन्यात नाही, त्याची स्वतःची.

"चार झाल्या. वर काय?"

लोक हसायचे. "वर आभाळ, दुसरं काय?"

"आभाळाच्या आंदी काय? टिन, कवेलू का स्लॅब?"

हा प्रश्न विनोदाचा नव्हता. घर विकत घेतलं की सरकारला मुद्रांक शुल्क द्यावं लागतं, लोक त्याला नुसतं स्टॅम्प म्हणतात. तो किती लागेल हे घराच्या छतावरही ठरतं. टिनाच्या घराला कमी, स्लॅबच्या घराला जास्त. दामूभाऊ म्हणायचा, "सरकार आंदी डोक्यावर पाह्यते, मंग पायाखाली."

एकदा मी त्याच्या टेबलाशी बसलो असताना धाडचं एक जोडपं आलं होतं. वांगी-मिरची पिकवून बाजारात विकणारे. मुलीला शिकायला ठेवायचं म्हणून बुलढाण्यात दोन खोल्यांचं घर घेत होते. नवऱ्याने हळूच विचारलं, "भाऊ, सौदा थोडा कमी दाखवला तं?"

"दाखवा ना," दामूभाऊ टेबलाला फेरी घालत म्हणाला. "एक रुपया दाखवा. सरकारले फरक पडत नाही. सरकारपाशी स्वतःचं पंचांग आहे, रेडी रेकनर म्हणते त्याले. कोणत्या गल्लीत काय भाव, सगळं त्याच्यात लिहेल आहे. तुमचा भाव अन् पंचांगाचा भाव, दोन्ही शेजारी उभे करायचे. जो उंच, त्याच्यावर स्टॅम्प. वरून रजिस्ट्रीची फी वेगळी."

"म्हणजे घर आम्ही घ्यायचं अन् भाव सरकारनं ठरवायचा?"

"हाव. पण सरकार दयाळूही आहे. घर म्हातारं झालं का त्याची किंमत कमी धरते. माणसाले देत नाही अशी सवलत. काय मास्तर?"

मी हसलो. मग तो त्या बाईकडे वळला. ती नवऱ्याच्या मागे पदर सावरून उभी होती. "घर ताईच्या एकटीच्या नावानं घ्या. बाईच्या नावानं राहायचं घर घेतलं का शंभरामागं एक रुपया स्टॅम्प कमी लागते."

ती म्हणाली, "माह्या नावानं? मले सही येत नाही, भाऊ."

"अंगठा येते ना? अंगठ्यालेही तेवढीच सूट आहे."

नवरा काही बोलणार तोच दामूभाऊ म्हणाला, "पाहा बाप्पा, सरकारलेही बायको शंभरात एकानं समजली. तुमाले तेवढी तं समजू द्या." बाईने पदरात तोंड लपवलं. हसत होती की काय, मला दिसलं नाही. घर तिच्या नावाने झालं. दामूभाऊ त्या घराभोवती चपला मोजून आला, आणि शेजाऱ्याची शिडी लावून वर काय आहे तेही पाहून आला.

त्याच वर्षी मीही घर घेतलं. म्हणजे चार वर्षांपूर्वी. तोवर सगळं आयुष्य भाड्याच्या खोल्यांत गेलं होतं. सुमनने, माझ्या बायकोने, सात घरमालकिणींच्या अंगणांत कुरड्या वाळवल्या होत्या आणि सातही ठिकाणी 'तुमची चादर जरा सरकवा' हे ऐकलं होतं. चिखली रोडला दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वर गच्ची असं घर मिळालं. सुमनने खोल्या धड पाहिल्याही नाहीत. सरळ जिना चढून गच्चीवर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही.

घर विकणारा माणूस व्यवहारी होता. त्याने मला कोपऱ्यात घेतलं. पूर्वी त्या घरावर टिन होतं. त्याने टिन काढून स्लॅब टाकला, पण नगरपालिकेच्या उताऱ्यावर टिनच राहिलं होतं. "उताऱ्यात टिन आहे, टिनच राहू द्या मास्तर," तो म्हणाला. "स्टॅम्प कमी लागेल. तेवढ्यात पाण्याची टाकी होऊन जाईल तुमची."

टाकी डोक्यात बसली. बुलढाण्यात नळाला पाणी कधी येईल ते सांगता येत नाही. उरलेल्या आयुष्यात बादल्या मोजायच्या नाहीत असं मी ठरवून टाकलं.

दामूभाऊकडे गेलो. त्याने माझ्यासाठी खुर्चीवरची पिशवी उचलली. ती कोणासाठी उचलली जात नसे. घर सुमनच्या नावाने घ्यायचं त्यानेच ठरवलं. चतुःसीमा लिहिल्या आणि पेन वर केला.

"चार झाल्या. वर काय, मास्तर?"

"उताऱ्यात आहे तेच."

"उतारा मले दिसते. वर काय?"

मी टपरीकडे पाहत म्हणालो, "टिन."

त्याने लिहून घेतलं. मग मीच विचारलं, कारण मला भीती होती, "मोजायला कधी येता?"

"तुमच्या घराले?" तो म्हणाला. "माही पोरगी चौथीत तुमच्या वर्गात होती. घरी आली का सांगे, आमचे मास्तर चुकले तं फळ्यावर स्वतःच खोडते. मास्तर म्हणते टिन, तं टिन. तुमच्या घराले चप्पल लावू काय मी?"

त्याने न पाहता लिहिलेलं ते एकच खरेदीखत असावं. मी त्यावर साक्षीदाराची सही केली. मालकीण म्हणून सुमनने केली. तिच्या अक्षरात, हळू, ओळीच्या वर जाऊ न देता.

टाकी बसवली. काळी, हजार लिटरची. चिखली रोडवरून लांबून दिसायची. मी फिरून येताना मुद्दाम त्या बाजूने यायचो.

आणि तीच टाकी आम्हाला नडली. वर्ष-दीड वर्षाने मुद्रांक कार्यालयाची तपासणी निघाली. काही खरेदीखतं निवडून ती घरं प्रत्यक्ष पाहत होते. आमच्या घरासमोर साहेब गाडीतून उतरले, कागद पाहिला, मान वर केली आणि तिथेच उभे राहिले. मी फाटकाशी गेलो. साहेब फार सौम्यपणे म्हणाले, "गुरुजी, टिनावर हजार लिटर पाणी कसं काय राहिलं हो?"

मी म्हणालो, "चहा घ्या."

त्यांनी चहा घेतला नाही. महिन्याभरात नोटीस आली. घर सुमनच्या नावाने, म्हणून नोटीसही तिच्या नावाने. तिच्या नावाने सरकारचं आलेलं ते पहिलंच पत्र. तिने ओले हात पुसले, पाकीट नीट फोडलं, चष्मा लावून सगळं वाचलं आणि माझ्याकडे आली.

"अहो, 'छताचे वर्णन खोटे दर्शविले' असं लिहिलंय. मी दर्शवलं?"

तिथे मी खरं बोलायला हवं होतं. तिने आयुष्यात कोणाला चिमूटभर साखरेचं खोटं सांगितलेलं नव्हतं. मी म्हणालो, "तू नाही गं. त्या अर्जनवीसाने लिहिताना घोळ केला."

मला वाटलं, एवढ्यावर भागेल. पण सुमनने खामगावला भावाला फोन केला. भास्कर जिनिंगमध्ये मुकादम आहे, कापसाच्या गाड्यांवर ओरडून त्याचा आवाज कायमचा वर गेलेला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तो हजर. मला हाताला धरून रजिस्ट्रीच्या आवारात घेऊन गेला. सोमवार होता, आवार भरलेलं होतं.

"काऊन बे दामू," भास्करने दुरूनच सुरुवात केली, "लिहितांना डोळे गहाण ठेवले होते काय? स्लॅबले टिन लिहिते? माह्या बहिणीले खोटारडी ठरवलं तुनं."

दामूभाऊ चालत होता तो थांबला. त्याने भास्करकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या छत्रीच्या मुठीकडे पाहत होतो. तिच्यावरचा रंग उडालेला आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

"हाव," दामूभाऊ म्हणाला. "माहीच चूक. मी वर पाह्यलं नाही."

"मंग नोटिशीचं उत्तर कोण लिहीन?"

"मीच लिहितो."

आणि त्याने तिथेच उभ्याने लिहिलं. 'सदर दस्तात छताचे वर्णन दस्तलेखकाच्या नजरचुकीने टिनाचे असे नमूद झाले असून, त्यात मालकीणबाई यांचा काही एक दोष नाही.' खाली स्वतःची सही. मी ते वाचून खिशात घातलं. फरकाचं शुल्क आणि दंड भरला, फाईल बंद झाली. सुमन शांत झाली.

साहेबांनी दामूभाऊला काही केलं नाही. आवाराने केलं. दुसऱ्या एका अर्जनवीसाने त्या उत्तराची झेरॉक्स मिळवून कडुलिंबाला चिकटवली. दामूभाऊ चपला मोजत निघाला की मागून कोणीतरी म्हणायचं, "भाऊ, वर काय?" गिऱ्हाइकं कमी झाली. ज्याने पाचवी सीमा आणली त्याचीच पाचवी चुकली, यात लोकांना फार मजा वाटत होती. सहा महिन्यांत त्याने टेबल उचललं आणि तो देऊळघाटला, आपल्या गावी निघून गेला.

तो जाईपर्यंत मी रजिस्ट्रीसमोरचा रस्ता टाळला. बाजारात जायला मला मागून तीन गल्ल्यांचा फेरा पडायचा. डॉक्टर म्हणाले, तुमचं चालणं चांगलं आहे हो. एक-दोनदा समोरासमोर गाठ पडलीच. दामूभाऊ रागावलेला दिसला नाही. प्रत्येक वेळी त्याने एकच विचारलं, "काय मास्तर, वर काय?" मला वाटलं, टोमणा मारतोय. मी "बरं चाललंय" म्हणून पुढे निघायचो.

यंदा उन्हाळ्यात सुमन गच्चीवर कुरड्या घालत होती. मी सोऱ्या धरायला वर गेलो होतो. बोलता बोलता ती म्हणाली, "तुमच्या त्या अर्जनवीसाला माझ्या कुरड्या फार आवडल्या होत्या."

"कोणत्या अर्जनवीसाला?"

"दामूभाऊला. खरेदीच्या दुसऱ्याच दिवशी आले नव्हते का? तुम्ही बँकेत गेला होता. घराभोवती पावलं मोजत होते, मीच म्हटलं वर या, छत पाहा आमचं. ती पहिली खेप होती माझी, गच्चीभर घातल्या होत्या. त्यांनी चहा घेतला, इथे या कठड्याशी. बायको गेल्यापासून कुरडी खाल्ली नाही म्हणाले. मी ओला चीक दिला वाटीत."

माझ्या हातातला सोऱ्या थांबला. "काय म्हणाले ते छत पाहून?"

"काही नाही. कुरड्यांच्या कडेने एक फेरी मारली. मग म्हणाले, ताई, हे सगळं तुमचं. आणि हो, मला म्हणाले होते, मास्तरांना सांगा, टाकी बसवायच्या आधी एकदा मला भेटा. मी विसरले बाई. मला वाटलं, त्यांच्या ओळखीचा कोणी टाकीवाला असेल."

मी खाली आलो. पुन्हा वर गेलो. पुन्हा खाली आलो. सुमन म्हणाली, "काय झालंय तुम्हाला?" तेव्हा मी तिला सांगितलं. कठड्याशी उभं राहून, सगळं. तिने कुरडीचं एक वेटोळं पूर्ण केलं, हात धुतले आणि एवढंच म्हणाली, "मी त्या माणसाला भावाच्या शिव्या खायला लावल्या." मग आतून पिशवी आणून माझ्या हातात दिली. मागच्या वर्षीच्या कुरड्या होत्या. "आत्ता जा," म्हणाली.

देऊळघाटला एसटीतून उतरलो. ज्या गावात मी इतकी वर्षं शिकवलं तिथे मला दामूभाऊचं घर विचारावं लागलं. पानठेल्यावरचा माणूस म्हणाला, "पूर्वेस पिठाची गिरणी, पश्चिमेस गोठा, तोच दामू ना?"

तोच होता. दारासमोर चालत होता. मला पाहून थांबला, आत गेला, आणि खुर्चीवरची पिशवी उचलली.

मी उभाच राहिलो. म्हणालो, "दामूभाऊ, वर स्लॅब आहे. तेव्हाही होता. मला ठाऊक होतं."

"मलेही," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवसापासून. तुमच्यापाशी म्हटलं मास्तर म्हणते टिन तं टिन, पण घर न पाह्यता लिहिलं म्हणून मले त्या दिवशी जेवण गेलं नाही. आलो मोजाले."

"मग बोलला का नाहीत?"

"कोणाले? ताईले? ते बाई मले आपल्या कुरड्या दाखवून राह्यली होती. एक-एक. त्या गच्चीवर मी काय सांगू तिले?" तो पत्र्याच्या पेटीशी गेला आणि एक प्लास्टिकची फाईल काढली. "म्हटलं, मास्तर स्वतः येते. पोरगी सांगे ना, स्वतःच खोडते म्हणून. तयार ठेवलं होतं."

चूकदुरुस्तीचं पत्र होतं. टाईप केलेलं, तारखेची जागा कोरी, कागदाच्या कडा पिवळ्या पडलेल्या. लिहून देणार म्हणून सुमनचं आणि माझं नाव. चार सीमा बरोबर लिहिलेल्या. त्यांच्याखाली, कुठल्याही नमुन्यात नसते अशी पाचवी ओळ: 'वरच्या बाजूस: स्लॅब. त्यावर मालकीणबाई यांच्या कुरड्या.'

"टाकीच्या आंदी आले असते," तो म्हणाला, "तं फरक भरून एका दिवसात सुटलं असतं. नोटीसच आली नसती. नंतरही तुमाले भेटलो का विचारत होतो, वर काय. वाटे, आता तरी खोडान."

मी खुर्चीवर बसलो. पेन मागितला.

"आता काय उपयोग? दंड भरला, फाईल बंद."

"तुमची कुठे बंद झालीय," मी म्हणालो आणि सही केली. शेवटी नेहमीचं वाक्य होतं, 'हे पत्र राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले.' मी म्हणालो, "दामूभाऊ, ते अक्कलहुशारी काढा."

"राहू द्या मास्तर," तो म्हणाला. "तो नमुना आहे."

कुरड्या त्याने लगेच तळायला घेतल्या नाहीत. पिशवी उघडून नुसत्या पाहिल्या आणि पेटीवर ठेवल्या. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, दोरीवर दोन सदरे. माझी नजर फिरतेय हे त्याच्या लक्षात आलं. "पाहून घ्या," तो म्हणाला. "पूर्वेस गिरणी, दिवसभर बोलते. पश्चिमेस गाय, संध्याकाळी बोलते. उत्तरेस भिंत. दक्षिणेस दार."

मी विचारलं, "वर काय?"

त्याने मान वर केली. उन्हाने तापलेले पत्रे बारीक कडकडत होते.

"टिन," तो म्हणाला. "हे खरं आहे. पाहून घ्या पाहिजे तं."

एसटीपर्यंत तो सोडायला आला. दाराच्या उंबऱ्याला टाच लावली आणि निघाला, टाचेला अंगठा, अंगठ्याला टाच. मी शेजारून चालत होतो. भर उन्हात, तीस पावलं टाकायला लागावीत एवढं अंतर आम्ही एका गाडीची वेळ चुकवून चाललो. थांब्याच्या खांबाशी पोचल्यावर तो म्हणाला, "एकशे बारा. लक्षात ठेवा. पुन्हा आले तं कोणाले विचारा लागणार नाही."

पुढच्या सोमवारी मी ते पत्र घेऊन रजिस्ट्रीच्या आवारात गेलो. कडुलिंबावरची झेरॉक्स अजून होती, अर्धी फाटलेली. तिच्याशेजारी उभं राहून मोठ्याने वाचलं, वर्गात वाचायचो तसं, आणि शेवटी 'वर स्लॅब आहे हे मला तेव्हाही ठाऊक होतं' एवढं माझं जोडलं. लोक थोडा वेळ थांबले. एकजण म्हणाला, "म्हणजे मास्तरच खोटं बोलले?" मी म्हणालो, "हो." झेरॉक्स मी काढली. आवारात जे वाचलं ते फार तर पन्नास जणांनी ऐकलं असेल; दामूभाऊने खरेदीखतं लिहून दिलेले लोक जिल्हाभर आहेत. म्हणून हे छापायला देतोय. 'दस्तलेखकाच्या नजरचुकीने' असं कोणाच्या लक्षात असेल, तर त्या जागी 'मास्तरांनी समजून-उमजून' असं वाचावं.

काल पुन्हा देऊळघाटला गेलो. सुमनही होती, डबा घेऊन. एसटीतून उतरल्यावर मी खांबाला टाच लावली आणि त्याच्यासारखा मोजत निघालो. सुमन पुढे निघून गेली. लोक पाहत होते. दामूभाऊ दारात उभा राहून वाट पाहत होता, आणि पहिल्यांदाच त्याचे पाय स्थिर होते.

"किती?" त्याने विचारलं.

"एकशे एक," मी म्हणालो. "तुमचे एकशे बारा होते. माझं चुकलं असेल."

त्याने वाकून माझ्या चपलेकडे पाहिलं.

"चुकलं नाही मास्तर. तुमची चप्पल मोठी आहे," तो म्हणाला. "पण कागदावर माहीच धरू."